मंगळाभोवती फिरणारी यानं नेमकं काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मंगळाचं एखादं नवं छायाचित्र गाजलं की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. सुरुवातीचे प्रश्न सोपे आहेत, पुढचे किचकट होत जातात. मधूनच वाचायला घेतलंत तरी अडणार नाही, लागेल तिथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पृथ्वीवर मोठमोठ्या दुर्बिणी आहेत, मंगळावर रोव्हरही आहेत. मग वर घिरट्या घालणारं यान कशाला?

दुर्बिणीची अडचण दुहेरी आहे. मंगळ अगदी जवळ आला तरी साडेपाच कोटी किमी दूरच असतो, त्यामुळे बारीक तपशील दिसत नाहीत. शिवाय पाण्याची वाफ आणि मिथेन आपल्याही हवेत आहेत. मंगळावरून आलेल्या प्रकाशात त्यांची खूण शोधायची तर आधी स्वतःच्या हवेची खूण वजा करावी लागते, आणि ती कितीतरी ठळक असते.

रोव्हरची मर्यादा वेगळी. ऑपॉर्च्युनिटी हा रोव्हर चौदा वर्षांत सुमारे ४५ किमी चालला. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर हे यान दोन तासांच्या आत मंगळाची पूर्ण फेरी मारतं. अर्थात रोव्हर खडकाला भोक पाडून आतला चुरा तपासू शकतो. ऑर्बिटरला सगळं लांबूनच ओळखावं लागतं, आणि पुढचे बहुतेक प्रश्न या लांबून ओळखण्यातूनच निघाले आहेत.

२. ही यानं किती उंचीवरून फिरतात?

प्रत्येकाची उंची त्याच्या कामानुसार ठरते. बारीक चित्रं हवी असतील तर जवळ राहावं लागतं, म्हणून मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटर २५५ ते ३२० किमीवरून फिरतं. युरोपचं ट्रेस गॅस ऑर्बिटर सुमारे ४०० किमीवर जवळपास गोल कक्षेत आहे. याउलट संयुक्त अरब अमिरातीचं होप यान २०,००० ते ४३,००० किमी अंतरावर राहून ५५ तासांत एक फेरी पूर्ण करतं. त्याला संपूर्ण ग्रहाचं हवामान एका नजरेत हवं आहे, दगड मोजायचे नाहीत. भारताच्या मंगळयानाची कक्षा फार लांबट होती: एक टोक सुमारे ४२२ किमीवर, दुसरं सुमारे ७७,००० किमीवर. अशी कक्षा निवडण्यामागे इंधनाचा हिशेब होता, पण त्याचा एक फायदाही झाला (प्रश्न १२).

३. यान मंगळावर पोहोचल्यानंतर कामाला लागायला कित्येक महिने का घेतं?

पोहोचताना इंजिन चालवून वेग कमी केला जातो, पण पहिली कक्षा बहुधा लांबुळकीच मिळते. ती गोल करायला बरंच इंधन लागलं असतं. त्याऐवजी यान प्रत्येक फेरीत वातावरणाच्या वरच्या, अतिविरळ थराला चाटून जाऊ देतात. सौर पंखांना हवेचा विरोध होतो, वेग जरासा घटतो आणि कक्षेचं दूरचं टोक हळूहळू खाली येतं. ट्रेस गॅस ऑर्बिटरनं हे काम मार्च २०१७ ते फेब्रुवारी २०१८ असं जवळपास वर्षभर केलं. मार्स ग्लोबल सर्व्हेयर १९९७ मध्ये पोहोचलं, पण त्याचा एक सौर पंख नीट बसला नव्हता. तो तुटू नये म्हणून फारच सावकाश उतरावं लागलं आणि नकाशाचं काम १९९९ च्या मार्चमध्ये सुरू झालं.

इथे चुकीला फारशी जागा नसते. २३ सप्टेंबर १९९९ ला मार्स क्लायमेट ऑर्बिटर २०० किमीहून जास्त उंचीवरून जाण्याऐवजी ६० किमीच्याही खाली शिरलं आणि नष्ट झालं. एका सॉफ्टवेअरनं धक्क्याचं माप पाउंडाच्या एककात दिलं होतं, दुसऱ्यानं ते न्यूटनमध्ये आहे असं धरलं.

४. वरून किती बारीक दिसतं? तिथे माणूस उभा असता तर दिसला असता का?

मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरच्या हायराईज कॅमेऱ्याचा आरसा अर्ध्या मीटरचा आहे आणि त्याच्या चित्रातला एक पिक्सेल जमिनीवरच्या सुमारे ३० सेंटिमीटरचा असतो. उभा माणूस म्हणजे एकदोन ठिपके. ओळखू येईल ती त्याची सावली. रोव्हर मात्र स्पष्ट दिसतो. २००३ मध्ये हरवलेला बीगल २ हा लँडर याच कॅमेऱ्याच्या चित्रांत २०१५ साली सापडला. त्याच्या सौर पाकळ्या पूर्ण उघडल्या नव्हत्या.

या तीक्ष्ण नजरेची किंमत मोजावी लागते. हायराईजच्या चित्राची पट्टी जेमतेम ६ किमी रुंद असते, त्यातही रंगीत भाग मधल्या एक-सव्वा किमीपुरताच. इतक्या वर्षांत त्यानं मंगळाचा काही टक्के भागच टिपला आहे. त्याच यानावरचा दुसरा कॅमेरा पिक्सेलमागे ६ मीटर इतकंच दाखवतो, पण त्यानं जवळजवळ सगळा ग्रह पालथा घातला आहे. तिसरा तर याहून कितीतरी ढोबळ आहे, पण तो रोज सगळा ग्रह पाहतो.

तिघे मिळून काय करतात याचं माझं आवडतं उदाहरण २४ डिसेंबर २०२१ चं. त्या दिवशी इनसाइट लँडरच्या भूकंपमापकाला मोठा हादरा जाणवला. पुढे मधल्या कॅमेऱ्याच्या चित्रांत सुमारे दीडशे मीटर रुंद नवं विवर आढळलं. रोजच्या ढोबळ चित्रांवरून ते नेमकं कोणत्या चोवीस तासांत पडलं हे निश्चित झालं, आणि ती वेळ हादऱ्याशी जुळली. मग हायराईजनं जवळून पाहिलं तेव्हा विवराच्या कडेला बर्फाचे ढेकूळ विखुरलेले दिसले.

५. चित्रांतले निळे-जांभळे रंग खरे असतात का?

डोळ्यांना दिसतील तसे नसतात. हायराईजचे तीन पट्टे म्हणजे निळा-हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. हे तिन्ही पडद्यावरच्या तीन रंगांना नेमून देतात आणि फरक उठून दिसावा म्हणून ताणतात. त्यामुळे करड्या-काळ्या वाळूचे ढिगारे निळे दिसतात. यात लपवाछपवी नाही, मजकुरात तसं लिहिलेलं असतं. घोटाळा होतो तो मजकूर कापून फक्त चित्र पुढे पाठवलं जातं तेव्हा.

६. विवर मला खड्ड्याऐवजी फुगवट्यासारखं दिसतं. चित्र उलटं आहे का?

चित्र बरोबर असतं. प्रकाश वरून येतो असं आपलं डोकं धरून चालतं. हायराईजची नकाशावर बसवलेली चित्रं उत्तर वर ठेवून दिलेली असतात आणि ती दुपारी घेतलेली असल्यामुळे ऊन पश्चिमेकडून, म्हणजे डावीकडून येतं. चित्र असं फिरवा की ऊन वरून येईल, लगेच खड्डा खड्डा दिसेल. २५ जुलै १९७६ ला व्हायकिंग १ यानानं टिपलेला तो प्रसिद्ध ‘चेहरा’, म्हणजे माणसाच्या चेहऱ्यासारखी दिसलेली टेकडी, हाही तिरप्या उन्हाचा आणि भरड चित्राचा खेळ होता. मार्स ग्लोबल सर्व्हेयरनं १९९८ आणि २००१ मध्ये तीच टेकडी पुन्हा टिपली, आणि ती साधी झिजलेली टेकडी निघाली.

७. हवा तर दिसत नाही. मग वरून तिचं तापमान, दाब आणि घटक कसे मोजतात?

यासाठी एकच एक पद्धत नाही, आणि ‘ऑर्बिटरनं मोजलं’ असं वाचलं की कोणत्या पद्धतीनं, हे आधी विचारावं.

सरळ खाली पाहणारं उपकरण परावर्तित प्रकाश आणि उष्णता टिपतं. कार्बन डायऑक्साइड ठरावीक तरंगलांबी शोषतो आणि मंगळाच्या हवेत त्याचं प्रमाण सुमारे ९५ टक्के आहे, म्हणून त्याच्या खुणेवरून तापमान काढता येतं. पण खालून येणाऱ्या प्रकाशात जमीन आणि हवा मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या कराव्या लागतात.

क्षितिजाकडे तिरकं पाहिलं की जमीन वगळता येते. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरवरचा हवामानमापक असाच पाहतो आणि जमिनीपासून सुमारे ८० किमीपर्यंत थरांमागून थर तापमान, धूळ आणि बर्फकण सांगतो.

तिसरी पद्धत सर्वांत संवेदनशील आहे. सूर्य मंगळाच्या कडेआड जाताना किंवा उगवताना त्याचा प्रकाश हवेच्या लांबलचक पट्ट्यातून गाळून येतो, त्यामुळे अत्यल्प वायूची खूणही पुरेशी ठळक होते. ट्रेस गॅस ऑर्बिटर मुख्यतः हेच करतं आणि त्यातूनच मंगळावर हायड्रोजन क्लोराइड वायू सापडला. अडचण अशी की हे मोजमाप फक्त सूर्योदयाला आणि सूर्यास्ताला होतं, आणि जमिनीलगतच्या काही किमी हवेत धूळ असली की प्रकाश पोहोचतच नाही. प्रश्न १४ मध्ये ही अडचण पुन्हा भेटेल.

रेडिओची पद्धत सर्वांत जुनी. यान ग्रहाआड जाताना त्याचा रेडिओ संदेश हवेतून किंचित वाकतो, आणि त्या वाकण्यावरून दाब व तापमान निघतं. मरिनर ४ नुसतं जवळून निघून गेलं होतं, तरी १९६५ मध्ये याच युक्तीनं पहिल्यांदा कळलं की मंगळाची हवा आधीच्या अंदाजांपेक्षा कितीतरी विरळ आहे: पृष्ठभागावरचा दाब आपल्याकडच्या एक टक्क्याहूनही कमी.

शेवटची पद्धत म्हणजे यानच हवेत बुडवायचं. मेव्हेन हे यान एरवी सुमारे दीडशे किमीपर्यंत खाली यायचं, आणि काही खास मोहिमांत १२५ किमीपर्यंत. तिथले रेणू थेट उपकरणात शिरतात.

८. वरून दगडाची जात कशी कळते?

प्रत्येक खनिज अवरक्त प्रकाशात आपापल्या ठिकाणी शोषण करतं किंवा उष्णता सोडतं. मार्स ग्लोबल सर्व्हेयरला मेरिडियानी प्लॅनम या सपाट प्रदेशात भरड दाण्यांचं हेमॅटाइट दिसलं. हे खनिज बऱ्याचदा पाण्यात तयार होतं, म्हणून ऑपॉर्च्युनिटी २००४ मध्ये तिथेच उतरवला गेला, आणि हेमॅटाइटच्या छोट्या गोळ्या जमिनीवर विखुरलेल्या आढळल्या. मार्स एक्सप्रेस या यानानं पुढे जुन्या भूभागांत चिकणमातीची खनिजं शोधली.

पण प्रकाश आणि अवरक्त किरण वरच्या थराचीच माहिती देतात. धुळीचा पातळ थरसुद्धा खालचा खडक झाकून टाकतो. थार्सिससारख्या धुळकट प्रदेशांत खनिजांच्या नकाशावर ‘काही नाही’ असं दिसलं, तर त्याचा अर्थ ‘दिसलं नाही’ इतकाच घ्यायचा.

९. समुद्रच नाही, मग ‘ऑलिम्पस पर्वत सुमारे २२ किमी उंच’ हे कशापासून मोजतात?

मंगळाच्या गुरुत्वाकर्षणावरून एक काल्पनिक सपाटी ठरवली आहे: समुद्र असता तर पाणी ज्या पातळीवर स्थिरावलं असतं ती. उंचीचं मोजमाप मोला या लेसर उपकरणानं केलं. ते सेकंदाला दहा स्पंद खाली सोडायचं आणि परतायला लागलेल्या वेळेवरून अंतर काढायचं. असे ६० कोटींहून जास्त स्पंद मोजले गेले. नेमकेपणा इतका, की हिवाळ्यात ध्रुवांवर गोठलेल्या कार्बन डायऑक्साइडचा थर दीड-दोन मीटरनं चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो, हेही त्यात दिसलं.

१०. बर्फ जमिनीखाली आहे हे वरून कसं कळलं? आणि दक्षिण ध्रुवाखालच्या तळ्याचं काय झालं?

पहिला पुरावा मार्स ओडिसी या यानाचा. अवकाशातले वैश्विक किरण जमिनीवर आदळून न्यूट्रॉन बाहेर उडवतात, आणि जमिनीत हायड्रोजन असेल तर हे न्यूट्रॉन मंदावतात. २००२ मध्ये ध्रुवांच्या भोवती वेगवान न्यूट्रॉनांचा मोठा तुटवडा दिसला, याचा अर्थ तिथे भरपूर हायड्रोजन, बहुधा बर्फ. २००८ मध्ये फिनिक्स लँडरनं काही सेंटिमीटर उकरलं आणि बर्फ लागला. ही पद्धत वरच्या साधारण एका मीटरपुरतीच.

खोल जायचं तर रडार लागतं. मार्स एक्सप्रेसवरचा मार्सिस कमी कंप्रतेच्या लहरी वापरतो, त्या काही किमी खोल जातात, पण तपशील भरड. शराड नावाचं दुसरं रडार उथळ पाहतं, पण बर्फाचे पापुद्रे स्वच्छ दाखवतं. २०१८ मध्ये मार्सिसच्या नोंदींवरून दक्षिण ध्रुवाजवळ दीड किमी खोल, वीसेक किमी रुंद द्रव पाण्याचं तळं असल्याचा दावा झाला. रडारचा प्रतिध्वनी झगझगीत आहे एवढं खरं. पण तो पाण्यामुळेच आहे असं सिद्ध झालेलं नाही. थंड चिकणमाती, खारट बर्फ किंवा ज्वालामुखीचा खडक हेही तसा प्रतिध्वनी देऊ शकतात, असं नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं. ‘मंगळावर तळं सापडलं’ असं ठाम वाक्य मी तरी लिहिणार नाही.

११. सगळ्या चित्रांत मंगळावर दुपारच का असते?

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा खोल आहे. मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरची कक्षा सूर्याशी बांधलेली आहे, त्यामुळे दिवसाच्या बाजूला ते कुठल्याही ठिकाणावरून जाताना तिथे दुपारचे साधारण तीन वाजलेले असतात, आणि रात्रीच्या बाजूला पहाटेचे तीन. फायदा उघड आहे: ऊन नेहमी सारखंच तिरकं, त्यामुळे या वर्षीचं चित्र मागच्या वर्षीच्या चित्राशी थेट ताडता येतं. तोटा असा की सकाळी आठला काय घडतं ते त्याला कधीच दिसत नाही.

आर्सिया पर्वताचा ढग हे याचं ठळक उदाहरण. दक्षिण गोलार्धाच्या वसंतात आणि उन्हाळ्यात या ज्वालामुखीच्या पश्चिमेला पहाटे एक ढग फुटतो, काही तासांत १,८०० किमीपर्यंत लांबतो आणि दुपारपूर्वी विरून जातो. रोज. दुपारी पाहणाऱ्या यानांना तो चुकत राहिला. लांबट कक्षेतल्या मार्स एक्सप्रेसला वेगवेगळ्या वेळा पाहता येत असल्यामुळे त्याचा अभ्यास होऊ शकला. म्हणून ‘मंगळावर अमुक दिसत नाही’ असं वाचलं, की किती वाजता पाहिलं होतं हे शोधा.

१२. मंगळयानानं विज्ञान म्हणून नेमकं काय दिलं?

५ नोव्हेंबर २०१३ ला निघून २४ सप्टेंबर २०१४ ला ते कक्षेत शिरलं. पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत पोहोचणं हा त्याचा मुख्य हेतू होता आणि तो साधला. उपकरणं पाच, मिळून सुमारे १५ किलोची. लांबट कक्षेच्या दूरच्या टोकावरून त्याच्या कॅमेऱ्याला अख्ख्या मंगळाची चित्रं मिळाली आणि डायमॉस या चंद्राची पलीकडची बाजूही. मेन्का या उपकरणानं वातावरणाच्या सर्वांत बाहेरच्या थरातले वायू मोजले, तिथे अपेक्षेपेक्षा जास्त ऊर्जेचा आरगॉन आढळला. मिथेनमापक मात्र त्याच्या मूळ कामात यशस्वी झाला नाही: रचनाच अशी होती की मिथेनची खूण इतर वायूंच्या खुणांपासून वेगळी काढता येईना. मग त्याच्या नोंदी पृष्ठभाग किती प्रकाश परावर्तित करतो याच्या नकाशासाठी वापरल्या. सहा महिन्यांसाठी आखलेलं यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिलं. त्याला नुसतं डोक्यावर घेणं किंवा नुसतं हिणवणं, दोन्ही त्याच्या कामाला धरून नाही.

१३. २०१५ मध्ये ‘वाहतं पाणी सापडलं’ अशी बातमी होती. ती खोटी होती का?

खोटी नव्हती, घाईची होती. काही उतारांवर उन्हाळ्यात काळपट रेघा उमटतात, लांबतात आणि थंडीत पुसट होतात. त्या २०११ मध्ये जाहीर झाल्या. २०१५ मध्ये क्रिझम या वर्णपटमापकानं तिथे पाणी धरून ठेवणारे क्षार दाखवले आणि खारट पाण्याचा निष्कर्ष निघाला. पुढे दोन गोष्टी घडल्या. २०१७ मध्ये मोजमापातून दिसलं की या रेघा कोरडी वाळू घसरेल इतक्या तीव्र उतारांवरच असतात आणि उतार मंदावला की थांबतात. वाहतं पाणी तिथे थांबलं नसतं. २०१८ मध्ये आढळलं की क्रिझमच्या माहितीवरची प्रक्रियाच काही पिक्सेलमध्ये क्षारांसारखी फसवी खूण निर्माण करते. हंगामी रेघा खऱ्या आहेत, पाण्याचा पुरावा मात्र कमकुवत झाला आहे.

१४. क्युरिऑसिटी म्हणतो मिथेन आहे, ऑर्बिटर म्हणतं नाही. कुणाचं मानायचं?

क्युरिऑसिटी या रोव्हरला गेल विवरात शंभर कोटी रेणूंमागे सरासरी अर्ध्या रेणूहून थोडा कमी मिथेन मिळाला, ऋतूनुसार कमी-जास्त, आणि जून २०१९ मध्ये एकदा तब्बल २१. ट्रेस गॅस ऑर्बिटरला मात्र शंभर कोटींत ०.०५ इतकीही खूण मिळाली नाही. मिथेन हवेत काही शतकं टिकायला हवा, म्हणजे एका जागी निघाला तरी ग्रहभर पसरायला हवा. त्यामुळे विसंगती गंभीर आहे.

दोघं एकच गोष्ट मोजत नाहीत, हे आधी लक्षात घ्या. रोव्हरची मोजमापं बहुतेक रात्रीची आणि जमिनीलगतची, ऑर्बिटरची सूर्योदय-सूर्यास्ताची आणि काही किमी वरची (प्रश्न ७). रात्री हवा स्थिर असल्यानं झिरपणारा वायू तळाशी साठत असावा आणि दिवसा पातळ होत असावा, असा एक तर्क आहे. क्युरिऑसिटीनं दिवसा मोजलं तेव्हा मिथेन जवळपास शून्य निघाला, ते या तर्काशी जुळतं. तरीही तो वायू वर जाऊन साचत का नाही, याचं उत्तर मिळत नाही. त्याला झपाट्यानं नष्ट करणारी काहीतरी प्रक्रिया हवी, किंवा गेल विवरातली गळती अगदी स्थानिक हवी, किंवा मोजमापातच दोष हवा. तिन्ही शक्यतांचे समर्थक आहेत.

१५. ग्रहभर धूळवादळ उठलं तर यानं बंद पडतात का?

ऑर्बिटर वादळाच्या कितीतरी वर असतात, त्यांना धोका नाही. पण खालचं दिसत नाही. मरिनर ९ नोव्हेंबर १९७१ मध्ये पोहोचलं तेव्हा सगळा ग्रह धुळीत बुडाला होता, वर डोकावत होते फक्त चार गडद ठिपके. धूळ बसल्यावर कळलं की ती महाकाय ज्वालामुखींची शिखरं आहेत. त्या यानाला पृथ्वीवरून नवे आदेश देऊन थांबवता आलं. त्याच सुमारास पोहोचलेल्या सोव्हिएत मार्स २ आणि मार्स ३ चं वेळापत्रक आधीच ठरलेलं होतं, त्यांनी बहुतांश धुळीचीच चित्रं घेतली.

२०१८ च्या वादळात ऑपॉर्च्युनिटी १० जूननंतर बोलला नाही. वर मात्र तोच काळ माहितीनं समृद्ध ठरला: उन्हानं तापलेल्या धुळीमुळे मधली हवा गरम झाली आणि पाण्याची वाफ एरवीपेक्षा बरीच वर पोहोचली. इतक्या उंचीवर ती फुटते आणि हायड्रोजन अवकाशात निसटतो. मंगळ पाणी कसं गमावतो याचा हा मोठा धागा आहे.

१६. इतकी यानं एकमेकांवर आदळत नाहीत का?

अजून तसं झालेलं नाही, पण मार्गांची नियमित तपासणी होते. खरा अडथळा फोबॉस हा चंद्र. तो पृष्ठभागापासून फक्त सहा हजार किमीवर फिरतो. २०१७ मध्ये मेव्हेन आणि फोबॉस एकाच जागी अवघ्या सात सेकंदांच्या अंतरानं पोहोचणार होते. मेव्हेनचा वेग सेकंदाला ०.४ मीटरनं बदलला, तेवढं पुरलं.

१७. दर दोन वर्षांनी काही दिवस मंगळाच्या बातम्या थांबतात, ते का?

साधारण सव्वीस महिन्यांतून एकदा मंगळ सूर्यापलीकडे जातो आणि सूर्याच्या प्रभावानं रेडिओ संदेश बिघडतात. अर्धवट पोहोचलेला आदेश न पोहोचलेल्यापेक्षा घातक, म्हणून सुमारे दोन आठवडे नवे आदेश पाठवतच नाहीत. यानं आधी दिलेल्या यादीप्रमाणे काम करत राहतात आणि माहिती साठवून ठेवतात. त्या काळातली चित्रं नंतर एकदम येतात, तेव्हा बातमीची तारीख आणि चित्राची तारीख वेगळी निघाली तर गोंधळू नका.